अर्धा बांधलेला साफा

पेमजींना आपण ओळखत होतो, असं छोगालालला आता छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. भादलियाच्या गढीच्या दरवाज्यात दोघं एकवीस वर्षं समोरासमोर बसले. एका बाजूला छोगालालचं टेबल, त्यावर पाहुण्यांची वही आणि फोन. दुसऱ्या बाजूला पेमजींची लाकडी पेटी, तिच्यात साफ्यांची कापडं. पेमजींना चहात आलं चालत नाही आणि डाव्या कानाने कमी ऐकू येतं, याच्या पलीकडे एवढ्या वर्षांत त्याला फारसं काही कळलं नाही. त्यांची बायको गेली तेसुद्धा वर्षभराने, तेही स्वयंपाक्याकडून.

गढीचं हॉटेल झाल्यावर दिल्ली-अहमदाबादची माणसं शनिवारी यायची आणि सोमवारी जायची. गाडीतून उतरली की ढोल वाजायचा, कपाळाला टिळा लागायचा, मग पेमजी साफा बांधायचे. श्रावणात लाटांच्या रेघांचा लहरिया, फाल्गुनात पांढऱ्यावर लाल, एरवी पाचरंगी. कापड लांबच लांब, त्यामुळे दुसरं टोक धरायला कुणीतरी लागायचं.

"छोगजी, शेपूट धरा," पेमजी हाक मारायचे आणि छोगालाल वही मिटून उठायचा. कापड ताणून लांब उभं राहायचं, वेढे पडतील तसं पुढे सरकायचं आणि शेवटी टोक पेमजींच्या हातात द्यायचं. त्यात एक रीत होती. साफा डोक्यावर चढू लागला की तो पुरा होईपर्यंत त्याच्यापुढे अशुभ बोलायचं नाही. मरणाची बातमी तर नाहीच. घरात साफा बांधणं चाललं असेल तर रडत आलेला माणूसही उंबऱ्याबाहेर थांबतो.

स्वतःबद्दल पेमजी एकदाच बोलले होते, तेही थोरल्या भावाबद्दल. वडील लहानपणीच वारले, हेमोजींनी वाढवलं. हेमोजींना मूलबाळ नव्हतं.

"भाईसांना आग मीच देणार," पेमजी म्हणाले होते. "मला खांद्यावर बसवून जत्रेला न्यायचे. मीही एकदा त्यांना खांद्यावर घेईन. बाकी काही फिटायचं नाही, पण एवढं तरी."

आग देणाऱ्याच्या डोक्यावर बाराव्या दिवशी घराची पाग, म्हणजे कर्तेपणाची पगडी, बांधतात. पेमजींनी मात्र पागेचं नाव काढलं नव्हतं. त्यांना भावाला खांदा द्यायचा होता, इतकंच.

माघातली सकाळ होती. दिल्लीची मोठी मंडळी दोन बसमधून उतरली होती, कुणाच्या तरी लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून. सव्वानऊला टेबलावरचा फोन वाजला. पेमजींच्या गावाहून होता.

"पेमजींना सांगा, हेमोजी पहाटे गेले. दिवस मावळायच्या आत उचलावं लागेल. साडेदहाच्या बसने या म्हणावं."

छोगालालने फोन ठेवला. पेमजींच्या हातात एका जाड्या गृहस्थाचा साफा अर्धा झाला होता.

"छोगजी, कुठे राहिलात? शेपूट!"

छोगालाल गेला, त्याने टोक धरलं. एवढा पुरा होऊ दे, मग सांगू, असं त्याने ठरवलं. एकेक वेढा पडत गेला, तो पुढे सरकत पेमजींच्या जवळ आला आणि टोक त्यांच्या हातात दिलं. तोंड उघडणार तोच दुसरं डोकं पुढे आलं आणि नवं कापड त्याच्या हातात पडलं.

"अहो, माझा सैल झालाय!" पहिला ओरडला. "मान हलवली की डोळ्यांवर येतो."

"साफा नाही, हुकम, मान सैल आहे," पेमजी म्हणाले. "बाईसाहेबांसमोर फार हलवता वाटतं."

सगळे हसले. बाईसाहेब तर फारच हसल्या. अशा हसण्यात ती बातमी कशी टाकायची, हे छोगालालला सुचेना. तो आधीच भित्रा. व्यवस्थापकाला सांगावं तर तो तिकडे दुसऱ्या बसजवळ उभा. छोगालाल पुन्हा मागे गेला, पुन्हा पुढे आला. दर वेळी तो पेमजींच्या अगदी हाताशी यायचा, आणि दर वेळी कुणाचा तरी साफा अर्धा असायचा. साडेदहाची बस गढीखालच्या रस्त्यावरून हॉर्न वाजवत गेली. त्याने तो ऐकला. पेमजींचा डावा कान तिकडे होता.

सगळे साफे बांधून झाले तेव्हा एक वाजून गेला होता.

"आत्ता फोन आला होता," छोगालाल म्हणाला. "हेमोजी..."

'आत्ता' हा शब्द त्याच्या तोंडून कसा निघाला, त्यालाही कळलं नाही.

पेमजींनी डोक्यावरचा पाचरंगी साफा उतरवला, टेबलावर ठेवला आणि ते बोडक्यानेच निघाले. व्यवस्थापकाने जीप दिली. पण रस्ता वाळूचा, चार तासांचा. ते पोचले तेव्हा चिता पेटून तासभर झाला होता.

तेराव्या दिवशी ते कामावर आले. पेटी उघडली, कापडं झटकली.

"छोगजी, शेपूट धरा."

छोगालालने धरलं. खरं काय ते सांगायचं, असं त्याने त्या दिवशी ठरवलं. पुढेही पुष्कळदा ठरवलं. त्यात सहा वर्षं गेली.

गेल्या भाद्रपदात, एका पहाटे, गढीच्या तटाला लागून असलेल्या खोलीत पेमजी झोपेतच गेले. त्यांना त्यांच्या गावी नेलं. तिसऱ्या दिवशी छोगालाल दुखवट्याच्या बैठकीला गेला. हेमोजींना ज्याने आग दिली होती तो चुलतपुतण्या केसाराम शेजारी येऊन बसला.

"फोनवरचे छोगजी तुम्हीच ना? तेव्हा मीच बोललो होतो."

छोगालालने मान खाली घातली. "सव्वानऊ वाजले होते," तो म्हणाला.

"हो ना. गावात लोक फार चिडले होते. चारपर्यंत वाट पाहिली. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला म्हणाले, छोगजींना कधी काही विचारू नकोस. त्यांच्यापुढे कुणाचा तरी साफा अर्धा असणार."

"त्यांना माहीत होतं?"

"त्याच दिवसापासून. बाराव्याला माझ्या डोक्यावर पाग काकांनीच बांधली. दुसऱ्या कुणाला नीट येत नव्हती."

परतीच्या बसमध्ये छोगालालने शेवटची संध्याकाळ पुन्हा पुन्हा आठवून पाहिली. पेमजी पेटी आवरत होते.

"उद्या किती डोकी, छोगजी?"

"अकरा. बडोद्याची आहेत."

"पोरं किती त्यात?"

"तीन."

"मग छोटी कापडं वर काढून ठेवतो. नाहीतर त्यांचं नाक झाकायचं."

तेव्हा दरवाज्यात दुसरं कुणी नव्हतं. कुणाचा साफा अर्धा नव्हता.

"पेमजी," छोगालाल म्हणाला.

"काय?"

"काही नाही. उद्या जरा लवकर या. मंडळी नऊलाच येतायत."

"येतो."