डावऱ्या हाताचं पातं

तलवारीचं पातं ऐरणीवर अगदी सपाट झालं, तेव्हा मी स्वतःवरच खूश होतो. एका बाजूला फुगीर, दुसऱ्या बाजूला खोलगट; माळ्यावर पोत्यांखाली दबून वाकलं असणार, असं मी ठरवून टाकलं होतं. आमचं घराणं लोहाराचं. वाकडं दिसलं की हात शिवशिवतात.

बाहत्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी मी नगरच्या एका छोट्या म्युझियममध्ये दुरुस्तीचं काम बघायचो. तलवार म्युझियमला द्यायला आणली होती राहुरीकडच्या गयाबाईंनी. त्यांचे मालक सैन्यात होते. महायुद्धात बोर्निओ बेटावर जपान्यांच्या कैदेतून पळाले, तेव्हा तिथल्या डायाक लोकांनी त्यांना लपवलं. निघताना ही तलवार दिली. तिला मांडाव म्हणतात. शिंगाची कोरीव मूठ तिथल्या लोहाराच्या पणजोबांची, पातं मात्र खास मालकांसाठी घडवलेलं, असं ते सांगत.

गावाला हे पटलं नव्हतं. मढ्याच्या कमरेची काढून आणली, असं लोक तोंडावर म्हणत. ते ऐकतच मालक वारले. तलवारीखालच्या कार्डावर 'भेट' लिहावं, एवढंच बाईंचं मागणं होतं.

"पुरावा मिळाला तर लिहू," क्युरेटरसाहेब म्हणाले. पातं माझ्याकडे दुरुस्तीला होतं, म्हणून त्यांनी नुसता मूठ आणि म्यानाचा फोटो कलकत्त्याच्या एका जाणकाराला पाठवला.

उत्तर आलं तसं मला बोलावणं आलं.

"मांडावचं पातं मुळातच एका बाजूला फुगीर असतं म्हणे. फुगवटा कुठल्या बाजूला, त्यावरून ती उजव्या हाताची की डाव्या, ते कळतं. आपली कुठली?"



"साहेब, मी ती सरळ केली."

"पण आधी फुगवटा कुठे होता?"

भट्टीत उलटसुलट करताना बाजू कोण ध्यानात ठेवतो?

पुढच्या आठवड्यात गयाबाई आल्या. साहेबांनी पत्र वाचून दाखवलं. बाईंचा चेहरा उजळला.

"आमचे मालक डावरेच हुते की! इळा बी डाव्या हातात धरायचे. मंग सांगा की दादा, कंच्या हाताची हुती?"

'डाव्या' एवढा एक खोटा शब्द पुरला असता; पातं मालकांसाठीच घडवल्याचा पुरावा झाला असता. साहेब माझ्याकडेच बघत होते.

"आठवत नाही, बाई. माझ्या हातून ती सपाट झाली."

"घरात ऱ्हायली असती, तर वाकडीच ऱ्हायली असती," एवढंच म्हणून गयाबाई उठल्या.

कार्डावर 'युद्धातून आणलेले शस्त्र' असं लागलं. मला अजून त्याची लाज वाटते. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत कुठलीही वस्तू आली की आधी सगळ्या बाजूंनी तिचं चित्र काढायचो, मगच हातोडी. वाकडं दिसतं ते बिघडलेलंच असतं असं नाही.