विकलेल्या मशीनची ख्यालीखुशाली

विकलेली वस्तू गिऱ्हाइकाची होते, हे आमच्या थोरल्या साडूंना आजवर कुणीही पटवून देऊ शकलेलं नाही. वराळ्याला त्यांचा छोटा कारखाना आहे. फुलं गार ठेवायच्या खोल्यांची कूलिंग मशीनं तिथं तयार होतात. मशीन बाहेर पडलं की साडू लेक सासरी धाडल्यासारखे हळवे होतात आणि पंधरवड्यात स्कूटर काढून ख्यालीखुशाली विचारायला हजर. कान लावून आवाज ऐकणार, जाळीवरची धूळ स्वतःच्या रुमालानं पुसणार, आणि मशीनवर टॉवेल वाळत घातलेला दिसला तर गिऱ्हाइकाला त्याच्याच अंगणात झापणार. एका बाईंनी दुरुस्तीचं बिल विचारलं तर म्हणाले, "बिल कसलं? मी सहज भेटायला आलो होतो." अशानं कारखाना चालतो थोडाच? गेल्या वर्षी तो बंद करून अकरा कामगारांना घरी बसवायची वेळ आली. कचेरीचं काम मी पाहतो, त्यामुळे हे सांगायची पाळीही माझ्यावरच आली.

तिसऱ्या दिवशी साडू म्हणाले, "मग विकायचंच नाही. मशीन आपलं, देखभाल आपली. शेतकऱ्यानं नुसतं गारव्याचं भाडं द्यायचं." मी कपाळाला हात लावला, पण दुसरा उपाय नव्हता. बेडशाला गुलाबाची शेती करणाऱ्या एका जुन्या गिऱ्हाइकाकडे, आबांकडे, आम्ही गेलो. ते हो म्हणाले तर बाकीचे येणार होते. नाही म्हणाले तर कारखान्याला कुलूप.

"म्हंजी मशीन तुमचं, आन् ऱ्हानार माज्या रानात?" आबांनी विचारलं.

"हो."

"बिघडलं तर तुमीच येनार?"

"न बिघडताही येणार," साडू म्हणाले.

"मग येगळं काय हाय? नऊ वरसं असंच येताय की. माजी पोरं दिवाळीला बी येत न्हाईत, तुमी न बोलावता येता. आना मशीन."

मला इतकं हायसं वाटलं, की तिथला गोडमिट्ट चहा मी दोनदा मागून घेतला.

आता अकरांचे चौदा कामगार झालेत. देखभालीच्या फेऱ्यांचं वेळापत्रक भिंतीवर लागलंय आणि बऱ्याच फेऱ्या नवी माणसंच करतात. परवा साडू त्यापुढे बराच वेळ उभे होते.

"अहो, बेडशाला माझी पाळी थेट पुढच्या महिन्यात आहे," ते हळूच म्हणाले. "मध्ये एकदा उगाच जाऊन आलं, तर चालेल ना?"

मी म्हटलं, "चला, मीही येतो."