चहाच्या वेळी कॅमेरा बंद

माझ्या आयुष्यात मला एकाच माणसाने फसवलं, आणि तो भंडारा जिल्ह्यातला सर्वांत प्रामाणिक माणूस आहे. हे मी रागात लिहीत नाही. रागात लिहिलं असतं तर छापण्यासारखं राहिलं नसतं. मी भांड्यांचा व्यापारी. सायकलच्या कॅरिअरला पितळेची गुंडं, म्हणजे पाण्याच्या घागरी, आणि लोटे बांधून मी करडीपासून आंबागडपर्यंत गावं तुडवली आहेत. जुनं फुटकं पितळ, ज्याला आम्ही मोड म्हणतो, ते घ्यायचं आणि त्याच्या बदल्यात नवं भांडं द्यायचं, हा धंदा. मोहाडी-तुमसरकडच्या बायांशी भाव करून जो घरी धडधाकट परत आला त्याला जगात कोणी गंडवू शकत नाही, अशी माझी समजूत होती. ती या कॅमेरावाल्याने मोडली. चोरी करून नाही, खोटं बोलून नाही. शब्द पाळून!

हा माणूस खऱ्या गोष्टींच्या डॉक्युमेंटऱ्या करतो. मोहाडीकडच्या एका मास्तरांचा मुलगा. हडकुळा, खांद्याला कॅमेऱ्याची पिशवी, ऊन असो नसो हातात काळी छत्री. ती स्वतःसाठी नाही, कॅमेऱ्यासाठी. स्वतः उन्हात तळून निघेल, कॅमेऱ्याला सावली. बोलणं पुस्तकातल्यासारखं, आणि खरेपणाचा रोग इतका जुनाट की त्यावर औषध नाही. कोणालाही "हे पुन्हा एकदा करा" असं म्हणायचं नाही, हा त्याचा नेम. एकदा घडलं ते खरं, पुन्हा करून दाखवलं ते नाटक. आमच्या भट्टीवर पितळ ओतायची वेळ आली, तेव्हा हा काच पुसत बसला होता. लालभडक रस साच्यात गेला, आणि याने मान वर केली. भट्टीवरचा कारागीर म्हणाला, "भाऊ, उद्या याच टायमाले वतून दाखवतो ना, त्याले काय लागते!" हा म्हणाला, "उद्याचं उद्याचं असेल. आजचं माझ्याकडून हुकलं." आणि तेवढ्यावर थांबला असता तरी मी त्याला माफ केलं असतं. त्याने सिनेमात त्या जागी काळा पडदा ठेवला आणि त्यावर पांढऱ्या अक्षरात लिहिलं: "पितळ ओतताना मी काच पुसत होतो." पिक्चरमध्ये असे चार काळे पडदे आहेत. लोक पैसे देऊन अंधार विकत घेत नाहीत म्हणून बरं, नाहीतर हा तोही प्रामाणिकपणे विकेल.

परवानगीचं तर विचारूच नका. रस्त्यावर चित्रीकरण चालू असताना एक सायकलवाला मध्येच आडवा गेला. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, गेला तर गेला. हा म्हणाला, "त्या माणसाला न विचारता मी त्याला सिनेमात घेतलं." मग मला स्कूटर काढायला लावली. आम्ही हायवेने त्याच्या मागे. तो मागे वळून पाही आणि आणखी जोरात पायडल मारी. शेवटी शहापूरच्या अलीकडे चेन उतरली म्हणून सापडला. घामाने निथळत म्हणाला, "साहेब, मी काहीच नाही केलं!" याने छत्री काखेत धरून त्याला समजावलं की आपण दोन सेकंद कॅमेऱ्यात आलात, आपली हरकत आहे का. तो माणूस चेन बसवायला खाली वाकला. मग म्हणाला, "इतकंच पुसाले आले? मले वाटलं पोलीस हाय. काढा ना फोटो, पाहिजे तं सायकल बी ठेवा!"

आणखी एक. आमची गुंडं डोक्यावर घेऊन पाच बाया विहिरीवरून येत आहेत, मागे धानाची बांधी, सकाळचं ऊन पितळेवर पडलंय, असं एक दृश्य त्याला मिळालं होतं. मी डोळ्यांनी पाहिलं, कॅलेंडरवर छापावं असं. ते त्याने कापलं. का, तर जिल्हा फुटल्यावर ते गाव गोंदियात गेलं होतं, आणि याचा सिनेमा भंडाऱ्याच्या पितळेवर होता. मी म्हणालो, "अरे, विहिरीतल्या पाण्याले जिल्हा ठाऊक हाय का? गुंडं तं आपल्याच दुकानातली हायत!" तो म्हणाला, "शेठ, पाण्याला ठाऊक नाही, मला आहे."

आता अशा माणसाने मला कसं फसवलं ते ऐका.

हा सिनेमा करायला तो आला तो माझ्या बाबांसाठी. बाबा पितळ मठारायचे, म्हणजे भांड्यावर हातोडीने एकसारखे ठोके देऊन त्याला बळ आणि झळाळी आणायचे. पन्नास वर्षं हेच. आधी दुसऱ्यांच्या कारखान्यात, मग मी दुकान टाकल्यावर माझ्या मागच्या शेडमध्ये. आता मशीनवर भांडी येतात, हातोडीवाले उरले नाहीत, म्हणून हा म्हणाला की पितळेचा सिनेमा बाबांवरच करायचा. मी व्यापारी माणूस. म्हटलं, अटी राहतील. बिलबुकाच्या पाठीमागे लिहून दिल्या. बाबा बनियनवर दिसायचे नाहीत. शेडची पडकी भिंत दिसायची नाही. आणि तिसरी, चहाच्या वेळी कॅमेरा बंद.

तिसरी अट का, तर बाबांचा स्वभाव. काम करताना माणूस मुका. परक्या माणसासमोर तर फक्त "हो" आणि "नाही". पण चहाची बशी हातात आली की त्यांची जीभ सुटायची आणि मग तिला लगाम नसे. मी शाळेत किती वेळा नापास झालो, माझ्या आईने कोणाकोणाच्या भट्टीवर कोळसा वाहिला, आज मी ज्यांच्या बरोबरीने बसतो त्या शेठच्या घरी बाबा कसे मागच्या दाराने जात, सगळं बाहेर पडायचं. दुकानाची इज्जत असते. चार लोक सिनेमा पाहणार. मी घासाघीस करायला कंबर कसून बसलो होतो. म्हटलं, तो तिसरीवर अडेल, मी पहिली सोडेन. त्याने कागद वाचला आणि म्हणाला, "मान्य." तिथेच मला कळायला हवं होतं. भाव न करता माल उचलणाऱ्या गिऱ्हाइकाची मला आयुष्यभर भीती वाटत आली आहे, आणि नेमका त्या दिवशी मी खूश झालो.

तीन आठवडे तो शेडमध्ये होता. दिवसभर बाबांची पाठ आणि हातोडी. "काका, हा ठोका इथेच का?" "असाच रायते." "तुम्ही कोणाकडून शिकलात?" "पाहूनच." पण चारच्या सुमाराला माझी बायको चहा घेऊन गेली की हा कॅमेऱ्याचं बटण बंद करायचा, वर टोपण लावायचा, एवढ्याने मन भरलं नाही म्हणून पिशवीत घालून पिशवीची चेन ओढायचा. आणि मग बाबा सुरू. दुकान आणि शेड यांच्यामध्ये एक पत्रा आहे. त्या पत्र्याआडून मला बाबांचं हसणं ऐकू यायचं. मी त्यांच्याबरोबर चाळीस वर्षं काढली, पण असं हसणं माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं. बायको आत येऊन म्हणायची, "अवो, जाऊन बसा ना थोडे. मामंजी तुमच्याच गोष्टी सांगून राहिले." मी म्हणायचो, "मले माह्या गोष्टी ठाऊक हायत. गल्ल्यावर कोण बसन, तू?"

एक दिवस पत्र्याला टेकून उभा होतो. बाबा म्हणत होते, "आमचा पोट्टा पहिल्यांदा सायकल घेऊन एकटा गेला ना बापू, तं त्या दिवशी मी हातोडी खाली ठेवली, अन्..." तेवढ्यात दोन बाया रुखवतासाठी भांडी पाहायला आल्या. परातीचा भाव त्यांना पटेना. मी त्यांना पटवला. परात घेऊन त्या गेल्या, मी पत्र्याकडे वळलो, तोवर बशा खाली ठेवल्याचा आवाज झाला आणि हातोडी सुरू झाली. ती हातोडी बाबांनी त्या दिवशी खाली ठेवून काय केलं, ते मला आजपर्यंत माहीत नाही.

सिनेमा भंडाऱ्यात एका शाळेच्या सभागृहात दाखवला. बाबांना पहिल्या रांगेत हार घालून बसवलं, शेजारी मी. भट्टी आणि रस्ता सोडला तर पाऊण तास बाबांची पाठ, बाबांचे हात, बाबांचे ठोके. तोंडून एवढंच: "हो", "नाही", "असाच रायते." आणि त्या चारांतले दोन काळे पडदे असे: "या वेळी चहा सुरू होता. दिलेल्या शब्दानुसार कॅमेरा बंद." लोक टाळ्या वाजवत होते. संपल्यावर पडद्यामागच्या गप्पांचा कार्यक्रम होता. एका मॅडमनी याला विचारलं, "एवढे दिवस तुम्ही काकांसोबत होता, पडद्यामागे काय काय घडलं, सांगा ना." हा उभा राहिला, छत्री हातात, सभागृहातसुद्धा! आणि म्हणाला, "पडद्यामागे चहा झाला. त्याबद्दल बोलायची परवानगी माझ्याकडे नाही." लोक हसले. मीही हसलो. घरी येताना रिक्षात बाबांनी हार काढून मांडीवर ठेवला. मग हळूच म्हणाले, "मी तं त्या कॅमेरावाल्या पोट्ट्यापाशी इतका बोललो रे. ते सारं कुठी गेलं?"

मी त्यांना अट सांगितली नाही. म्हणालो, "मशीन बिघडली असन, बाबा."

पुढच्या वर्षी बाबा गेले. तेरवी झाली आणि मी कॅमेरावाल्याच्या घरी गेलो. म्हटलं, त्या चहाच्या टेपा काढ. तो म्हणाला, नाहीत. मी म्हणालो, "एकही नाही? चुकून चालू राहिला असन एखाद वेळी?" तो म्हणाला, "मी चेन लावायचो, शेठ. तुम्हीच लिहून दिलं होतं."

"लिहून देल्लं होतं म्हणून आयकाचं? सौद्यात माणूस दहा गोष्टी बोलते. साऱ्या आयकाच्या रायतात का?"

"मग कोणती ऐकायची नाही, हे मला कसं कळणार?"

दुसरा कोणीही हलकट, बदमाश, चार पैशांचा फोटोग्राफर असता तर त्याने टेबलाखाली कॅमेरा लपवून सगळं उतरवलं असतं, मी त्याच्याशी भांडलो असतो, आणि आज माझ्या घरात माझ्या बापाचा आवाज असता. मग मी शेवटचं मागणं केलं. म्हटलं, टेप नाही तर नाही, तोंडाने सांग, बाबा काय काय बोलले. तर म्हणतो, "मला त्यांचे शब्द आठवत नाहीत, मतलब आठवतो. मी सांगितलं तर ते माझं होईल. त्यांच्या नावावर मी माझं कसं खपवू?" मी त्याला काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. शेवटी तो म्हणाला, "चहा घेणार?" मी उठून आलो.

आता मी साठीकडे आलो. तो अजून येतो. कधी महिन्याने, कधी चार महिन्यांनी. शेड आता गोदाम झालं आहे. तो आत जातो, खोक्यांच्या मधून वाट काढत बाबा बसायचे त्या कोपऱ्यात उकिडवा बसतो. माझी बायको चहा नेऊन देते. पिता पिता तो मधेच एकटा हसतो. मी पत्र्याच्या अलीकडून पाहतो. तो कशाला हसला हे मला विचारायचं असतं, आणि दर वेळी समोर कोणीतरी गिऱ्हाईक उभं असतं, किंवा नसलं तरी आहे असं मी धरून चालतो. हसताना तो बाबांसारखा मान जरा डावीकडे टाकतो. हे त्याला ठाऊक नसावं. ठाऊक असतं तर त्याने तेही सोडलं असतं.

म्हणून आज मी हे छापून देतो आहे, चार लोकांच्या साक्षीने. तिसरी अट मी मागे घेतली. भाऊ, तुला कागद लागतो ना, हा घे कागद. शब्द चुकले तर चुकू दे, तुझे घाल, कोणाचेही घाल. पण पोरगा सायकल घेऊन एकटा गेला त्या दिवशी हातोडी खाली ठेवून माझ्या बापाने काय केलं, याचा जबाब तुला द्यावाच लागेल. दुसरा कोणी उरला नाही. ये. दुकान मी बंद ठेवतो.