बोर्डावरचं कुंकू

एम.ई.च्या मुलांना मी डिजिटल चिप डिझाइन शिकवायचो. तोंडी परीक्षेपुरता माझा एक नियम होता: विद्यार्थ्याच्या बोर्डाला हात लावायचा नाही आणि तोंड उघडायचं नाही. चिप त्याची, उत्तरही त्याचंच. त्या नियमानं एकदा मलाच घाम फोडला.

कात्रपहून येणारी एक मुलगी होती. वडील अंबरनाथला कारखान्यात. घरात कॉलेज पाहिलेली ही पहिलीच, माझ्यासारखी. बंगलोरला नोकरी ठरलेली, पण ही परीक्षा पास झाली तरच. तिनं लिफ्टचं नियंत्रण एका चिपवर बसवलं होतं. आदल्या दिवशी माझ्यासमोर झकास चाललं, म्हणून आईला दाखवायला बोर्ड घरी घेऊन गेली.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी बटण दाबायला सांगितलं. दिवा तळमजल्यावरून पहिल्यावर गेला आणि परत तळमजल्यावर. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच.

"सर, काल चालत होतं."

"काल सगळ्यांचंच चालतं, बाई," परीक्षक म्हणाले.

तेवढ्यात चिपच्या पायांवर मला लाल दिसलं. सकाळी घरी पूजा झाली असणार. बोर्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत आल्यानं कुंकू अजून ओलं होतं, आणि होतं नेमकं रीसेटच्या, म्हणजे चिपला पुन्हा सुरुवातीला नेणाऱ्या पायावर. मी ओठ घट्ट मिटले. बोललो असतो तर पास मी झालो असतो, ती नाही.

तिनं मीटर उचलला. एकेक पाय तपासत ती रीसेटवर थांबली. "इथे धड शून्य नाही, धड एक नाही. म्हणून चिप परत परत पहिल्यापासून सुरू होतेय."

"का?"

ती खाली वाकली. "कुंकू, सर. आईनं लावलंय. ओलं आहे, त्यातून करंट गळतोय."

"तुम्ही इंजिनिअर की पुजारी?"

"इंजिनिअर. पुजारी असते तर पुसलं नसतं."

स्पिरिटच्या बोळ्यानं तिनं ते पुसलं, जरा फुंकर मारली, बटण दाबलं. दिवा थेट वरच्या मजल्यावर जाऊन थांबला. मी श्वास सोडणार, तोच परीक्षक म्हणाले, "आणि पावसाळ्यात दमट हवेनं असंच गळलं तर? लिफ्ट अडकवणार?"

तिनं रीसेटच्या पायाला जोडलेल्या रेझिस्टरवर बोट ठेवलं.

"हा पाय एकवर धरून ठेवणारा रेझिस्टर मी फार मोठा घेतला," ती सावकाश म्हणाली. "लहान घेतला असता तर कुंकवानं काही झालं नसतं. चूक आईची नाही, माझी आहे."

परीक्षकांनी पेनाचं टोपण काढलं. "पास," म्हणाले, आणि सही केली.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "घरी काय सांगशील?"

"पास झाले म्हणून. कुंकवाचं नाही सांगणार, सर. आई उगाच जिवाला लावून घेईल."