चपला काढून आत जाणारा चोर

फोन मेधाचा, अविनाशच्या बायकोचा होता. मी ऑकलंडच्या मोटरवेवर, फ्लॅट बुशच्या एक्झिटच्या थोडा अलीकडे. "अवी गेला रे," एवढंच म्हणाली. सकाळी लॉन कापता कापता खाली बसला, तो उठलाच नाही. मशीन चालूच होतं म्हणे… मशीन चालू टाकून निघून जाणारा माणूस नव्हता तो. काही आठवडे झाले, अजून पटत नाही.

अविनाश आणि मी पुण्याहून एकाच सुमारास इथे शिकायला आलो, एकाच फ्लॅटमध्ये राहिलो, पुढे शेजारी झालो. तो ऑकलंडमध्ये आयटीत होता. कमालीचा व्यवस्थित माणूस. कुणाच्याही घरी गेला की दाराशी पडलेल्या सगळ्यांच्या चपला-बूट सरळ लावायचा, तोंडं बाहेरच्या दिशेला, म्हणजे निघताना पाय सरळ आत जावेत. आम्ही भरपूर चेष्टा केली, त्याच्यावर काडीचा परिणाम झाला नाही.

असा माणूस टीव्हीवर चोर झाला. इथल्या हौशी मराठी नाटकात कुणीतरी त्याला पाहिलं आणि एका गुन्हेगारी मालिकेच्या ऑडिशनला बोलावलं. ओसाड फार्म, धुळीचे रस्ते, रुंद टोप्या, घोड्यांच्या जागी मागे उघडा हौदा असलेल्या युट गाड्या आणि एक अबोल पोलीस, असा सगळा मामला. अवीचा रॉनी म्हणजे पहिल्याच भागात पकडला जाऊन संपणारा भुरटा चोर. शूटिंगच्या पहिल्या दिवशी त्याने फार्महाउसचं कुलूप तोडलं, दार ढकललं आणि… जँडल्स, म्हणजे आपल्या रबरी स्लिपर, दाराशी काढून चोरी करायला आत गेला. सेटवर हशा पिकला. तो ओशाळला, पुन्हा करतो म्हणाला, पण दिग्दर्शिकेने तेच ठेवलं. पोलीस बाहेरच्या जँडल्स बघून त्याला पकडतो, असं मग कथेतच आलं. लोकांना हा वेंधळा रॉनी इतका आवडला की तो दरवेळी तुरुंगातून सुटायचा, कुणाच्या तरी दाराशी जँडल्स काढायचा आणि सापडायचा.

त्याच्या मुलीला, इराला, मात्र ते झोंबलं. शाळेत पोरं तिच्यासमोर बूट काढायची नक्कल करायची. रुबाब सगळा त्या पोलिसाचा आणि आपला बाबा तेवढा बावळट, हे तिला सहन होईना. "दे आर लाफिंग ॲट यू, बाबा," तिने एकदा त्याला तोंडावर सांगितलं. एकही भाग तिने पाहिला नाही. पुढे अवीने विचारणंच सोडलं, पण त्याला ते लागलं होतं. मला म्हणाला, "बाकी कुणी नाही पाहिलं तरी चालेल रे. तिने एकदा बघावं." ते राहूनच गेलं, याचं मला त्याच्या जाण्याइतकंच वाईट वाटत होतं.

गेल्या रविवारी त्यांच्याकडे गेलो. इरा सोफ्यावर लॅपटॉप घेऊन बसली होती, समोर पहिला भाग. फार्महाउसचा तो प्रसंग तिने मागे नेऊन मला दाखवला. "काका, लुक. नॉट हिज. देअर्स." दाराशी त्या घरातल्यांचे चिखलाने भरलेले गमबूट अस्ताव्यस्त पडले होते. रॉनी जँडल्स काढतो, वाकतो, आणि ज्यांच्या घरी चोरी करायची त्यांचे गमबूट आधी सरळ लावतो. क्षणभरच, पडद्याच्या पार कडेला. मी तो भाग कितीदा पाहिला असेन, पण आम्ही सगळे जँडल्सना हसत बसलो होतो. "दॅट्स नॉट रॉनी," इरा म्हणाली. "दॅट्स जस्ट बाबा." आणि रडायला लागली. मलाही आवरलं नाही.

मेधा आत चहा करत होती. इरा तोंड धुवायला म्हणून उठली, बाहेर जरा रेंगाळून परत आली. मग आम्ही चहा घेतला, इकडचं तिकडचं बोललो.

अवीच्या जँडल्स अजून दाराशी आहेत, त्या कुणी हलवत नाही. येताना मी माझे बूट घाईत कसेतरी भिरकावले होते. निघताना पाहिलं तर ते त्या जँडल्सच्या शेजारी नीट लावलेले होते, तोंडं बाहेरच्या दिशेला. पाय सरळ आत गेले.