फाटकाजवळचं बोरिंग

मूल या तालुक्याच्या गावाच्या अलीकडे, अंजनाबाई रामटेकेच्या गावाच्या शिवेवर, ब्याऐंशी साली एका संस्थेने मनोरुग्णांसाठी दवाखाना बांधला. गाव त्याला येड्याचा दवाखाना म्हणे आणि वळसा घालून जाई. अंजनाबाई तिथे स्वयंपाकाला होती. तिचा धाकटा भाऊ पत्रू तिथलाच रोगी. डॉक्टर म्हणाले, हा बरा झाला, घरी न्या. तिच्या मोहल्ल्यातले आणि गावातलेही म्हणाले, आणलाच तर बांधून ठेव. त्यांनी राहू दिलं नसतं, तर पत्रूची रवानगी दूरच्या मोठ्या इस्पितळात होती. कायमची.

तेवढ्यात दवाखान्यात हातपंपाचं बोरिंग पाडायचं निघालं. संस्थेचे चिटणीस वामनराव यांना ते स्वयंपाकघरामागे हवं होतं. अंजनाबाई म्हणाली, फाटकाच्या आत, लागूनच पाडा.

"मग गावच्या बाया आत येतील."

"त्याच्याचसाठी सांगून राह्यली ना, भाऊ."

वामनराव वाद घालणार होते, पण जेवायची वेळ झाली होती आणि वाढणारी तीच होती.

उन्हाळ्यात गावची विहीर आटली. बाया आल्या. घागर ठेवायच्या आणि साप दिसल्यासारख्या मागे सरायच्या. पत्रू हापसायचा, घागर भरायची. काही दिवसांनी मागे सरायचा कंटाळा आला. मग त्या त्याच्यादेखत नवऱ्यांची गाऱ्हाणी सांगू लागल्या. तो मध्ये बोलत नसे. नवऱ्यांना हे जमत नव्हतं.

गावच्या विहिरीला शिवायची बंदी, म्हणून कोणी घागरीत वरून पाणी ओतेल या आशेने अंजनाबाईची आई ताटकळत उभी राहायची. आता त्याच घरांत पत्रूच्या हातचं पाणी जात होतं. अंजनाबाई हे बघून आत वळली. चुलीवर भात होता.

पुढच्या वर्षी सरकारी बोरिंग गावात, थेट मोहल्ल्याच्या तोंडाशी लागलं. दवाखान्याचं फाटक ओस पडलं. अंजनाबाई रोज फाटकापर्यंत जाऊन बघून येई. आठवडा गेला, आणि पाटलाची बायको रुखमा हापसून दुखलेला खांदा चोळत स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"पत्रूभाऊले घरी काऊन नाई आनत वो बाई?"

"बांधून ठेव म्हनत होते ना तुमी?"

"बांधल्यावर हापसन कोन?"

आत पत्रू कांदे चिरत होता. मान वर न करता म्हणाला, "येतो मी घरी. पन बोरिंग आपापलं हापसा."

रुखमाने त्याच्याकडे नीट पाहिलं.

"हा तं पुराच बरा झाला," ती नाराजीने म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पत्रू वळकटी घेऊन घरी गेला. कोणी बांधलं नाही.