करिश्माने दिलेला शब्द

करिश्मा मी शिकवते त्या एम.ए. मानसशास्त्राच्या वर्गातली सगळ्यात बडबडी मुलगी. घरची अकोल्याजवळ झेंडूची शेती. लहानपणापासून हार विकता विकता गिऱ्हाइकाला बोलतं करायची सवयच लागलेली. तिच्यापुढे माणूस पाच मिनिटांत मन मोकळं करी. मला तिचं फार कौतुक होतं, आणि थोडा हेवाही.

पहिल्याच आठवड्यात मी वर्गाला बजावलं होतं, समोरचा सांगेल ते आपल्या पोटात राहिलं पाहिजे. कायद्याचे तास मात्र शेवटच्या महिन्यात. अभ्यासक्रमच तसा, अशी मी स्वतःची समजूत घालत आले. अकोल्याच्या वकील वच्छलाताई दर शनिवारी अमरावतीला यायच्या आणि निम्म्या रिकाम्या वर्गाला शिकवून जायच्या.

त्या शनिवारी त्यांनी सांगितलं, अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर पोलिसांना कळवावंच लागतं. समुपदेशकालाही त्यातून सूट नाही. तास संपल्यावर करिश्मा माझ्याकडे आली. ती सरावासाठी ज्या शाळेत जायची, तिथल्या आठवीतल्या मुलीने आदल्याच दिवशी तिला घरातल्या एका नातेवाइकाबद्दल सांगितलं होतं. सांगण्याआधी शब्द घेतला होता, कोणालाच सांगणार नाही म्हणून.

"मॅडम, मी आता तोंड उघडलं तर ते पोरगी पुन्हा कोनाजवळच बोलनार नाही," करिश्मा म्हणाली.

मला माझीच चीड आली. शब्द द्यायला मी शिकवलं, त्याची मर्यादा शिकवायची राहून गेली.

वच्छलाताईंना आम्ही सगळं सांगितलं, त्या मात्र रागावल्या नाहीत. मुलीला ठाण्यात बसवून ठेवत नाहीत, साध्या कपड्यांतली महिला अधिकारी तिच्याकडे येते, विश्वासातलं माणूस शेजारी बसू शकतं, हे त्यांनी नीट समजावलं. कळवायचं ते आजच, पण आधी मुलीच्या कानावर घाल, म्हणाल्या. आम्ही तिघी तशाच शाळेत गेलो.

मुख्याध्यापिकेच्या खोलीत करिश्मा मुलीसमोर बसली.

"म्या तुले चुकीचं सांगतलं व्हतं," ती म्हणाली. "हे मले पोलिसाले सांगाच लागते. पन मी तुह्यापाशीच बसून राहीन."

मुलगी चिडेल, उठून जाईल, असं मला वाटलं. तिने करिश्माची ओढणी धरली.

"मंग आता ते थांबन का, ताई?"